बेसनाच्या वाटेनं, बार्सिलोना ते इस्तंबूल

लांबच्या क्रूझवर जेवणाचे पैसे तिकिटातच भरलेले असतात. त्यामुळे बंदरात उतरलेले बरेच लोक दुपारी जेवायला पुन्हा जहाजावर येतात आणि मार्सेयच्या धक्क्याला लागून बुफेतला पास्ता खातात. पैसे वाचतात हे खरं, पण भूमध्य समुद्राच्या या काठावर सगळ्यात चांगलं खाणं बहुतेक ठिकाणी पाच-सहा युरोंत मिळतं. त्यातलं पुष्कळसं हरभऱ्याचं असतं, म्हणजे शाकाहारी माणसाचीही सोय होते.

अडचण असते ती घड्याळाची. जहाज सकाळी आठच्या सुमारास लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. परत चढण्याची शेवटची वेळ त्याआधी अर्धा ते एक तास. इथल्या बहुतेक खानावळी साडेबारा-एकशिवाय चूल पेटवत नाहीत आणि बरेच बाजार दोनला आवरतात. म्हणून एका बंदरात बसून जेवण एकच करावं, बाकीचं उभ्याउभ्या. सहलीची बस पकडून दूरच्या शहरात गेलात, तर हे एक जेवणही हातचं जातं.

पहिला दिवस: बार्सिलोना

जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होतं. मोठ्या बॅगा सकाळीच टर्मिनलवर देऊन गावात यावं. मोल आदोस्सात धक्क्यावरून कोलंबसच्या स्तंभापर्यंत क्रूझ बस येते, तिथून रांबला रस्ता पायी.

बोकेरिया बाजार रविवारी बंद असतो. तोंडाशी कापलेल्या फळांचे आणि रसाचे गाळे आहेत, ते पर्यटकांसाठी. मागच्या भागात शिजवलेली कडधान्यं वजनावर विकणारे गाळे दिसतात. घरी भिजवायला वेळ नसलेले स्थानिक लोक छोले, पांढरा घेवडा, मसूर तिथूनच नेतात. पिनोत्शो हा जुना बार पूर्वी याच बाजारात होता, २०२३ मध्ये सांत आंतोनी बाजारात गेला. त्याचे छोले प्रसिद्ध आहेत, मात्र त्यात मनुका आणि चिलगोज्यांबरोबर रक्ताचं काळं सॉसेजही असतं.

बसून जेवायचं तर ‘मेनू देल दिया’ घ्यावा. कामाच्या दिवशी दुपारी एक ते साडेतीन-चारच्या दरम्यान मिळतो. पहिली डिश, दुसरी डिश, गोड किंवा कॉफी, पाव आणि एक पेय, सगळं एका ठरावीक किमतीत. शनिवारी-रविवारी तो नसतो किंवा महाग असतो. शाकाहारी माणसानं दोन ठिकाणी सांभाळावं. ‘वेहेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुधा ट्यूना मासा निघतो आणि मनुका घातलेल्या पालकाच्या भाजीत कधी डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘सिन आतून, सिन हामोन’ (ट्यूना नको, हॅम नको) असं आधीच सांगून टाकावं. भाजलेल्या वांग्याची, ढोबळी मिरचीची आणि कांद्याची ‘एस्कालिवादा’ निर्धोक, फक्त वर अँचोव्ही (छोटा खारवलेला मासा) ठेवला नाही ना हे बघावं.

टोमॅटो लावलेला पाव इथे सगळीकडे मिळतो. चांगला कसा ओळखावा? पाव भाजून घेतलेला, त्यावर हवी तर लसणाची पाकळी घासलेली, मग अर्धा टोमॅटो फक्त साल हातात उरेपर्यंत घासलेला, वर मीठ आणि शेवटी ऑलिव्ह तेल. डब्यातला तयार रस चमच्यानं पसरलेला दिसला की तो पाव मऊ पडलेला असणार.

दुसरा दिवस: मार्सेय, फ्रान्स

क्रूझ टर्मिनल जुन्या बंदरापासून सुमारे आठ किलोमीटर दूर आहे. गोदीच्या फाटकाबाहेरून ३५ नंबरची बस जाते. एका दिशेला जोलिएत, म्हणजे शहर, आणि दुसऱ्या दिशेला लेस्ताक. लोक सरसकट शहराकडे वळतात. खाण्यासाठी यायचं असेल तर लेस्ताक बरं: समुद्राकाठच्या टपऱ्यांवर ‘पानिस’ तळून कागदात देतात.

पानिस म्हणजे आपली पाटवडी, फोडणी न घालता तळलेली. साधारण अडीचशे ग्रॅम पीठ, एक लिटर पाणी, मीठ आणि चमचाभर तेल. पीठ गार पाण्यातच कालवायचं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. मंद आचेवर ढवळत राहायचं, कच्चा वास गेला की साच्यात ओतायचं. पूर्ण गार झाल्यावर चकत्या किंवा कांड्या कापून कडक तेलात. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ. गार व्हायला वेळ दिला नाही तर तेलात फुटतं, म्हणून दुकानदार आदल्या दिवशीच घोटून ठेवतात. इथलं पीठ पांढऱ्या काबुली हरभऱ्याचं असतं, आपलं बेसन देशी हरभऱ्याच्या डाळीचं. चवीत हा फरक लगेच कळतो: हे पीठ गोडसर आणि रंगानंही फिकं.

याच टपऱ्यांवर ‘शिशी फ्रेजी’ मिळतं, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेलं लांब तळण, साखरेत घोळवलेलं.

मार्सेयचं माशांचं कालवण ‘बुइयाबेस’ खायचंच असेल तर क्रूझचं वेळापत्रक हातात आलं की लगेच टेबल राखून ठेवावं. बरीच हॉटेलं एक-दोन दिवस आधी सांगायला लावतात आणि निदान दोन माणसं लागतात. माणशी साठ युरोंच्या पुढे खर्च येतो. १९८० मध्ये मार्सेयच्या काही हॉटेलवाल्यांनी एक सनद केली. त्यांनी मासळीची यादी ठरवली, त्यातले निदान चार प्रकार हवेत, आणि मासे गिऱ्हाइकासमोर कापले जावेत असं म्हटलं. आधी केशर-बडीशेपेचा रस्सा येतो, सोबत लसूण घासलेला कडक पाव आणि ‘रुई’ नावाची लसूण-मिरची-केशराची घट्ट चटणी. मग मासे आणि बटाटे. दोन तास लागतात. एवढी फुरसत नसेल तर ‘सूप द पोआसाँ’ मागवावं. मासे त्यात गाळून घेतलेले असतात, पाव आणि रुई तीच, किंमत चौथाई. वीस युरोंत ‘खरं’ बुइयाबेस देणारी पाटी दिसली तर पुढे चालावं.

पिण्याचं पाणी ‘कराफ दो’ म्हणून मागावं. नळाचं पाणी आणि पाव जेवणाबरोबर फुकट असतात. इटलीत हे विसरायचं.

तिसरा दिवस: जेनोवा, इटली

या सगळ्या मार्गावर एकच बंदर निवडायचं झालं तर हे निवडावं. जहाज स्तात्सिओने मारित्तिमाला लागतं आणि तिथून जुनं गाव पायी पंधरा-वीस मिनिटांवर. बस नाही, टॅक्सी नाही. सोत्तोरिपाच्या कमानींखाली तळणाची जुनी दुकानं आहेत आणि आतल्या गल्ल्यांत ‘फारिनाता’ची. विया देइ जुस्तिनियानीवरचं सा पेस्ता हे त्यातलं जाणतं दुकान.

फारिनातात चारच वस्तू: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. एका मापाला तीन मापं पाणी. कालवून निदान चार तास, बहुधा रात्रभर ठेवतात आणि वर आलेला फेस काढून टाकतात. फेस राहिला तर वरचा थर करपतो आणि कडवट लागतो. कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत आधी तेल, त्यावर पातळ पीठ, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. परात अगदी समपातळीत हवी, नाहीतर एक बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते. लाकडाच्या भट्टीत तीनशे अंशांच्या आसपास भाजतात. वर सोनेरी पापुद्रा, आत ओलसर. मिरपूड घालून जागेवरच खायची. दहा मिनिटांत ती चिवट होते, म्हणून बांधून जहाजावर न्यायचा विचार करू नये. काउंटरवर अर्धी संपलेली गार परात दिसली तर पुढची कधी निघणार ते विचारून थांबावं. साधी फारिनाता जैन मंडळींनाही चालते, कांद्याची वेगळी मिळते.

सकाळी मात्र फोकाच्चा. दोन सेंटिमीटर जाडीची, बोटांनी खळगे पाडून त्यात तेल-मीठ-पाण्याचं मिश्रण ओतून भाजलेली. जेनोवाचे लोक ती नाश्त्याला कापुचिनोत बुडवतात. ऐकायला विचित्र वाटतं, एकदा करून बघावं. काही बेकऱ्या तेलाऐवजी डुकराची चरबी वापरतात, तेव्हा ‘सेंत्सा स्त्रुत्तो?’ एवढं विचारायचं.

दुपारचं बसून जेवण पेस्तोचं. संगमरवरी खलात बारीक पानांची कोवळी तुळस, लसूण, चिलगोजे, खडेमीठ, दोन तऱ्हेचं चीज आणि तेल. ही तुळस म्हणजे बेसिल, आपली देवघरातली नव्हे. पेस्तो आचेवर ठेवत नाहीत, काळा पडतो. ‘त्रोफिए’ किंवा ‘त्रेनेत्ते’ हा पास्ता उकळताना त्याच पाण्यात बटाटा आणि फरसबी टाकतात आणि त्याच पाण्याच्या चमच्याभरानं पेस्तो सैल करतात. बटाटा-फरसबी नसेल तर तो पर्यटकांचा पेस्तो. त्यातलं पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटवर होतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी फारिनातावरच थांबावं.

चौथा दिवस: लिव्होर्नो

जहाजावरचे बहुतेक लोक इथून फ्लॉरेन्सला जातात. नव्वद किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि मधे घाईचं सँडविच. व्यापारी गोदीत पायी फिरू देत नाहीत, पण शटल बस गावाच्या मध्यावर सोडते. तिथून १८९४ सालचा मेर्कातो चेंत्राले हा झाकलेला बाजार दहा मिनिटांवर आहे. सकाळीच उघडा, रविवारी बंद.

इथे फारिनाताला ‘तोर्ता दि चेची’ म्हणतात आणि ती पावात घालून देतात, वर मिरपूड आणि तेल-लसणात मुरवलेलं वांगं. याला ‘चिंक्वे ए चिंक्वे’ म्हणायचं. वांगं घ्याच, नाहीतर पावात बेसन जरा कोरडं लागतं. मासे खाणाऱ्यांसाठी ‘काच्चुक्को’: निदान पाच प्रकारची मासळी, ऑक्टोपस, टोमॅटो, वाईन, सेजची सुगंधी पानं, खाली लसूण घासलेला पाव. हा गडद, तिखटसर रस्सा कोकणी जिभेला बुइयाबेसपेक्षा जवळचा वाटेल.

पाचवा दिवस: चिवितावेक्किया

इथे थांबण्यासारखं काही नाही. रोमला जाणारी रेल्वे पकडावी आणि तिथेच जेवावं. परतीची गाडी ठरवताना मध्ये एक गाडी चुकली तरी चालेल इतकी फट ठेवावी.

सहावा दिवस: नेपल्स

जहाज थेट शहराच्या मध्यावर लागतं. विया देइ त्रिबुनाली या रस्त्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. प्रसिद्ध पिझ्झेरियांबाहेर साडेबाराला तासाभराची रांग असते, अकराला बहुधा नसते. दा मिकेले या १८७० सालच्या दुकानात आधी नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते, तिच्याशिवाय नुसतं उभं राहून उपयोग नाही.

नेपल्सचा पिझ्झा ४३० ते ४८० अंशांच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंद असतो. म्हणून काठ फुगलेला आणि ठिपक्याठिपक्यांनी करपलेला, मध्यभाग मात्र ओला. कच्चा राहिला म्हणून परत करणारे पाहुणे रोज दिसतात. तो असाच असतो. सुरी-काट्यानं खावा किंवा चार घड्या करून हातात. ‘मारिनारा’त चीज नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, आणि भट्टी चांगली आहे की नाही हे त्यातच कळतं. म्हशीच्या दुधाचं मोझरेला पाणी सोडतं. पिझ्झ्यावर घेण्यापेक्षा ते वेगळं, ताज्या टोमॅटोबरोबर खाल्लेलं चांगलं.

कॉफी उभ्यानं. आधी गल्ल्यावर पैसे, मग चिठ्ठी दाखवून काउंटरवर मागायची. सोबत पाणी येतं, ते कॉफीच्या आधी प्यायचं. टेबलावर बसलात की दर वाढतो आणि जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दीड-तीन युरो लागतात. ही फसवणूक नव्हे, मेनूवर छापलेलं असतं.

‘स्फोल्यातेल्ला’ ही गोड पेस्ट्री दोन जातींची. ‘रिच्चा’ पापुद्र्यांची, तिच्यात परंपरेनं डुकराची चरबी असते. ‘फ्रोल्ला’ खुसखुशीत. आत रवा, रिकोत्ता (मऊ ताजं चीज), संत्र्याची मुरवलेली साल आणि दालचिनी.

सातवा दिवस: पालेर्मो, सिसिली

धक्क्यावरून बाहेर आलं की दहा-पंधरा मिनिटांत पोलितेआमा चौक, आणि तिथून चालत कापो किंवा बाल्लारो बाजार. अकराच्या आत पोचावं, दुपारनंतर बाजार ओसरतो.

इथलं बेसन म्हणजे ‘पानेल्ले’. कृती पानिसचीच, फक्त पीठ घट्ट (एकास तीन), त्यात अजमोदा, आणि घोटून झाल्यावर ते गरम असतानाच अगदी पातळ थापतात. थापायला उशीर झाला की जागच्या जागी घट्ट होतं आणि पातळ पसरत नाही. तळून तिळाच्या पावात चार-पाच चकत्या, वर लिंबू. सोबत बटाट्याचे ‘कात्सिल्ली’ घालून घ्यावेत. शाकाहारी माणसानं कढईकडे नजर टाकावी, त्याच तेलात मासळीही तळत असतील.

सगळ्यात फसवं नाव ‘आरांचिना अल बुर्रो’. लोण्याचा तांदळाचा गोळा वाटतो, आत डुकराचं मांस असतं. ‘स्फिंचोने’ हा जाड पाव कांदा-टोमॅटोचा दिसतो, पण त्यात अँचोव्ही विरघळलेला असतो. ‘कापोनाता’ खरोखर शाकाहारी: तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या कळ्या), व्हिनेगर आणि साखर. गारच खातात, दुसऱ्या दिवशीची जास्त मुरते.

धाडसी मंडळींसाठी ‘पानी का मेउसा’, म्हणजे वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून चरबीत परतून पावात. जुन्या बंदराजवळ पोर्ता कार्बोनेला मिळतं. कान्नोलो घेताना एकच नियम: नळी रिकामी असेल आणि रिकोत्ता तुमच्यासमोर भरत असतील तरच. आधीच भरून मांडलेला मऊ पडतो.

आठवा दिवस: व्हॅलेटा, माल्टा

वॉटरफ्रंटवरून दहा मिनिटं चाललं की ५८ मीटर उंचीची बराक्का लिफ्ट थेट गावात नेते. बस-स्थानकाजवळच्या टपरीवर ‘पास्तित्सी’ एका युरोच्या आत मिळते. एक रिकोत्ताची, एक वाटाण्याची. वाटाण्याच्या सारणात बऱ्याचदा करी पावडर असते, त्यामुळे चव ओळखीची लागते. पापुद्र्यात चरबी आहे की मार्जरीन, ते विचारावं. पहिला घास जपून, आतलं सारण चटका देतं. सोबत काचेच्या पेल्यातला दुधाचा चहा. या प्रवासात असा चहा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

‘फ्तिरा’ हा कड्यासारखा पाव २०२० मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आला. आत टोमॅटोची पेस्ट, केपर्स, ऑलिव्ह आणि ट्यूना. ट्यूना नको म्हटलं तर ठेवत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘लाम्पुकी’ माशाचा हंगाम असतो. वाटेत खजुराचे तळलेले ‘इम्आरेत’ गरम मिळाले तर सोडू नयेत.

नववा दिवस: समुद्रावर

घड्याळ एक तास पुढे. जहाजाची वेळ आणि ग्रीसची वेळ एकच आहे ना, हे रात्रीच्या पत्रकात वाचावं. फोन स्वतःहून बदलतो किंवा बदलत नाही, त्यावर विसंबू नये. उरलेला दिवस पोटाला सुट्टी.

दहावा दिवस: पिरेयस, अथेन्सचं बंदर

क्रूझ टर्मिनलपासून मेट्रो पंचवीस मिनिटं पायी, मग हिरव्या लाईननं मोनास्तिराकी. तिथून अथिनास रस्त्यानं वार्वाकिओस बाजार, त्याच्या शेजारी मसाल्यांची एव्रिपिदू गल्ली. बाजाराजवळच्या एका तळघरात दिपोर्तो नावाची खानावळ आहे. बाहेर पाटी नाही, आत मेनू नाही, भिंतीला वाईनची पिंपं. रविवारी बंद, पैसे रोख न्यावेत. तिथलं ‘रेविथिया’ घ्यायचं: रात्रभर भिजवलेले छोले कांदा आणि भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवून, वर लिंबू. मसाला काहीच नाही. पहिल्या चमच्याला बेचव वाटतं, वाटी संपेपर्यंत वाटत नाही.

शाकाहारासाठी ‘निस्तीसिमो’ हा शब्द लक्षात ठेवावा. उपवासाचं जेवण, मांस, दूध, अंडं काही नाही. मात्र त्या उपवासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते, तेव्हा तेवढं वेगळं विचारावं. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो, आणि ‘यिगांतेस’ म्हणजे मोठी पावटी, हे दोन पदार्थ बहुतेक ठिकाणी असतात. गेमिस्तात कधी खिमा असतो.

अकरावा दिवस: इझमिर, तुर्की

सकाळी ‘बोयोझ’, स्पेनमधून आलेल्या ज्यू लोकांनी इथे रुजवलेला तेलाचा पापुद्र्याचा पाव, उकडलेल्या अंड्याबरोबर. दुपारी ‘कुमरू’ सँडविच. त्याच्या पावाचं पीठ परंपरेनं हरभऱ्याच्या आंबवणावर फुगवतात. केमेराल्ती बाजारात ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्या मिळतात, शाकाहारी जेवण तिथेच उरकावं. रस्त्यावरचे भात भरलेले शिंपले उन्हाळ्यात दुपारी खाऊ नयेत. उन्हात ठेवलेला शिंपला आणि दुसऱ्या दिवशीची जहाजाची केबिन हा योग टाळलेला बरा.

बारावा-तेरावा दिवस: इस्तंबूल

जहाजाचं टर्मिनल गालातापोर्ट काराकॉय भागातच आहे, बाहेर पडल्यापडल्या गुल्लुओग्लूचं बकलाव्याचं दुकान. बकलाव्याची खालची, तुपाळ बाजू जिभेवर येईल असा उलटा करून खातात. नेण्यासाठी ‘कुरू’ म्हणजे कोरडा प्रकार मागावा, तो जास्त टिकतो. दुधात भिजवलेला ‘सोउक’ प्रकार नेऊ नये.

‘नोहुतलू पिलाव’ म्हणजे हातगाडीवरचा छोले-भात. वर कोंबडी नको म्हटलं तरी भात तिच्याच रश्शात शिजलेला असतो. उलट ‘चिय क्योफ्ते’ नावावरून कच्चं मांस वाटतं, पण दुकानात विकली जाते ती कायद्यानंच बिनमांसाची, बारीक दलिया आणि लाल मिरचीची, लेट्यूसच्या पानात लिंबू पिळून. तिखटाची तलफ आली असेल तर ही भागवते.

रात्री वेफाला जावं. वेझनेजिलर मेट्रोपासून थोडं चाललं की १८७६ सालचं बोझाचं दुकान लागतं. बोझा हे बाजरीवर्गीय धान्य आंबवून केलेलं दाट, आंबटगोड पेय, वर दालचिनी. चमच्यानं खातात. समोरच्या दुकानातून भाजलेले हरभरे, ‘लेब्लेबी’, पुडीभर घ्यायचे आणि बोझावर टाकायचे. लगेच खावेत, भिजले की कुरकुरीतपणा जातो.

शेवटी बॅगेबद्दल. पेस्तो, ऑलिव्ह तेल, टोमॅटोची पेस्ट ही विमानात द्रव पदार्थांत धरली जातात, शंभर मिलीच्या वरचं सगळं चेक-इनमध्येच. जहाजात चढताना सीलबंद पाकिटं सहसा सोडतात, सुटं चीज, फळं आणि शिजवलेलं अन्न काढून घेतात. वाईनच्या बाटल्या उतरेपर्यंत ठेवून घेण्याची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे. हरभऱ्याचं पीठ मात्र एक किलोचं पाकीट जेनोवातूनच घ्यावं, इस्तंबूलमध्ये शोधत बसू नये. घरच्या बेसनाच्या पिठल्यासाठी ते फिकं पडेल, फारिनातासाठी हेच लागतं.